कपारीतली चौथी ओळ

१

घट बसायला आठ दिवस उरले की वाडीतल्या बायकांना आपापल्या भिंती दिसायला लागत. वर्षभर त्याच भिंती, तीच ओल, तेच धुराचे काळे ओघळ. पण देवी घरात यायची म्हटली की एकेकीला आपलं घर अगदीच ओंगळ वाटायचं. मग भिंती पोतारायला पांढरी माती हवी, आणि पांढरी माती हवी म्हणजे कपारीत जायला हवं. धावडा गावाच्या वर, गाडीवाट संपून राखीव जंगल सुरू होतं तिथून दोन ओढे आणि एक कडा ओलांडला की ती चुनखडीची कपार लागे. सगळ्या काळ्या डोंगरात तेवढीच एक पांढरी जागा. तोंड एवढं बुटकं, की ताठ मानेची बाईसुद्धा तिथं वाकूनच शिरे.

त्या वर्षी चौघी निघाल्या. सगळ्यांत वडीलधारी सगुणाबाई, तिच्या शेजारची झुंबरबाई, गोपिकाबाई, आणि गोपिकाबाईची धाकटी जाऊ साखराबाई. साखराबाईला लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. नवरा बिरू पंचमी होताच मेंढरं घेऊन घाटाखाली उतरलेला. जाताना तो गोपिकाबाईला एवढंच म्हणाला होता, "वैनी, ही लई भित्री हाये. हिला तुमच्या भरवशावर सोडून चाललो." सासू नव्हती, सासरा नव्हता, घरातली मोठी म्हणजे गोपिकाबाईच. तिनं दिराला शब्द दिला होता आणि दिलेला शब्द ती पाळत असे, तोंड मात्र फटकळ.

"भूत-बीत असतं ना," ती वाटेनं साखराबाईला म्हणाली, "तर माझी सासू मला टोमणे मारायला कव्हाच वापस आली असती. एवढं मोठं काम ती अर्धं सोडनारी न्हवती."

झुंबरबाई खो खो हसली. साखराबाई हसली नाही. महिन्यापूर्वी कासार येऊन गेला होता, तेव्हा तिनं कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरून घेतल्या होत्या. त्या घट्ट बांगड्या ती चालता चालता उगीच वर सारत होती, आणि जंगलभर त्यांचाच आवाज होत होता.

जंगलाचा चौकीदार ओढ्यावर बसला होता. वर्षातला एक दिवस तो बायकांना मातीसाठी सोडी. "सूरज ढलने के पैले भार आ जाव," दिवस मावळायच्या आत बाहेर या, एवढं सांगून त्यानं मान फिरवली.

२

कपारीतलं काम ठरलेलं होतं. आत दिवा टिकत नसे. आणि लढाईच्या त्या वर्षी रॉकेल कंट्रोलवर, तेही मिळालं तर मिळालं. म्हणून सगळं अंधारात, हाताच्या सवयीनं चाले. सगळ्यांत आत सगुणाबाई कुदळीनं माती पाडे. तिच्यामागं झुंबरबाई ती पाटीत भरे आणि भरली पाटी मागं सरकवी. मधल्या बाईनं ती घेऊन आणखी मागं द्यायची, आणि शेवटच्या बाईनं वळणापासून तोंडापर्यंत रांगत नेऊन बाहेर ओतायची. रिकामी पाटी त्याच वाटेनं परत. वाट इतकी अरुंद, की एकीला दुसरीच्या अंगावरून पुढं जाता येत नसे.

आणि काम चालू असेपर्यंत गायचं. हौस म्हणून नव्हे. आतली हवा कोंदट, कुणाला घेरी आली तर अंधारात कळणार कसं? म्हणून आतल्या बाईपासून सुरुवात करून प्रत्येकीनं पाळीनं एकेक ओळ म्हणायची. एखादीची ओळ आली नाही, की कुदळ टाकून सगळ्यांनी बाहेर पडायचं, विचारपूस नंतर. या रिवाजानं वाडीतल्या किती तरी बायका वाचल्या होत्या, असं सगुणाबाई सांगे.

गोपिकाबाईनं साखराबाईला मुद्दाम शेवटची जागा दिली. "तुला तर उजेडच हाये," ती म्हणाली. "वळणापाशी बसलं की तोंड दिसतं. अर्धा वेळ तर तू बाहेरच असशील. आता काहून भितीस?"

"माझ्यानं गाणं जमायचं न्हाई, जाऊबाई."

"मंग रड. पन आवाज येऊ दे."

एकेक करून त्या आत शिरल्या. कोपरं खरचटत, गुडघ्यावर रांगत. गार हवा तोंडावर आली आणि छतातून टपकणाऱ्या पाण्याचा आवाज सुरू झाला. मागून कुणीतरी पदराचं टोक धरल्याचं गोपिकाबाईला जाणवलं. पोरगी घाबरली, असं म्हणून तिनं ते धरू दिलं.

३

"पांढरी ग माती, घराला देते रूप," आतून सगुणाबाईनं उचललं.

"दारच्या ग तुळशीला, सांजचा लावते धूप," झुंबरबाई म्हणाली.

मग गोपिकाबाई. "दीर माझा मेंढरांमागं, डोंगर केले पार."

क्षणभर नुसतं पाणी टपकलं. आणि मागून स्वच्छ, गोड गळ्यात ओळ आली, "त्याच्या ग वाटेसाठी, उघडं ठेवलं दार."

"आगं बया!" झुंबरबाई आतून ओरडली. "ही मुकी तर लई छान गाती की!"

गोपिकाबाईला खरंच बरं वाटलं. वर्षभर ही पोरगी घरात पावलांचा आवाज न करता वावरली होती. विचारल्याशिवाय बोलली नव्हती. आज ती ओळीला ओळ जुळवत होती, तीही नवऱ्याच्या नावानं. गोपिकाबाईनं अंधारात हसत भरलेली पाटी मागं दिली. दोन हात पुढं आले, पाटी घेऊन गेले. रिकामी पाटी परत आली. काम झकास लागलं.

किती पाट्या गेल्या कोण जाणे. बाहेर आता चांगला ढीग झाला असेल, आणखी दोन-तीन फेरे गाऊन झाले की पुरे, असा विचार गोपिकाबाई करत होती. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की पाटी फार लवकर परत येते आहे. वळणापासून तोंडापर्यंत रांगत जायचं, ओतायचं, रांगत यायचं. एवढ्याला चौघींच्या ओळी होऊन पुन्हा चौघींच्या व्हायला हव्यात. इथं झुंबरबाईची ओळ संपायच्या आत रिकामी पाटी गोपिकाबाईच्या कमरेला टेकत होती. जवळच ओतत असेल, तिनं स्वतःला सांगितलं. कामचुकार आहे, बाहेर गेल्यावर बघते. पण जवळ ओतली असती तर वाट बुजली असती, आणि पायाला माती लागली असती. तिनं पाय मागं करून चाचपलं. खाली गुळगुळीत, कोरडा दगड होता.

मग दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली, आणि ती आधीच कशी आली नाही याचं तिला नवल वाटलं. बांगड्या वाजत नव्हत्या.

सकाळपासून ज्या बांगड्यांनी डोकं उठवलं होतं, त्या एकदाही किणकिणल्या नव्हत्या. पाटी घेताना नाही, देताना नाही. कामाला अडचण म्हणून फडक्यानं बांधल्या असतील, गोपिकाबाई मनाशी म्हणाली. काढल्या तर नसतीलच. नवरा परगावी असताना कोणती बाई हात रिकामे करेल? पुढची पाटी देताना तिनं मुद्दाम हात लांबवला आणि समोरच्या हाताचं मनगट धरलं.

मनगट उघडं होतं. फडकं नाही, बांगडी नाही. आणि दगडासारखं गार.

"साखरे," ती म्हणाली, "बांगड्या कुठं गं तुझ्या?"

हात हळूच सुटला. आतून सगुणाबाईची ओळ आली, झुंबरबाईची आली. आता पाळी गोपिकाबाईची. ती ओळ शोधत होती, आणि तिची ओळ व्हायच्या आतच मागच्या गोड गळ्यानं आपली ओळ म्हणून टाकली. जी ओळ गोपिकाबाई म्हणणार होती, तिलाच जुळणारी.

गोपिकाबाई बेंबीच्या देठापासून ओरडली, "बाहेर चला! जल्दी!"

४

मागं मागं रांगताना तिचे पाय साखराबाईला लागायला हवे होते. लागले नाहीत. वळण आलं, उजेड आला, तोंड आलं, तरी मागं कुणीच नव्हतं.

साखराबाई बाहेर होती. तोंडापासून दहा पावलांवर, उन्हात, एका दगडावर गुडघे जवळ घेऊन बसलेली. लुगडं स्वच्छ. हात स्वच्छ. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या.

"तू कव्हा बाहेर आलीस?"

"मी आत आलेच न्हाई, जाऊबाई." तिनं मान खाली घातली. "तोंडाशी भ्या वाटलं. म्हनलं तुम्ही रागवताल, म्हणून गप बसून राह्यले."

"मंग माती कोनी ओतली?"

साखराबाईनं इकडंतिकडं पाहिलं. गोपिकाबाईनंही पाहिलं. कपारीच्या तोंडाशी गवत होतं, मुंग्यांचं एक वारूळ होतं. पांढऱ्या मातीची एक मूठसुद्धा कुठं नव्हती.

सगुणाबाई आणि झुंबरबाई धापा टाकत बाहेर आल्या. दोघी पायापासून केसांपर्यंत पांढऱ्या झालेल्या. झुंबरबाईनं आधी साखराबाईकडं पाहिलं, मग रिकाम्या जागेकडं. "बाई, आपन एवढं गायलो, ही बराबर गात होती की," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला.

सगुणाबाईनं झुंबरबाईच्या पाठीवर थापटलं आणि ती म्हणाली, "पाट्या ऱ्हाऊ द्या आतच. चला."

दोघी खाली उतरायला लागल्यासुद्धा. गोपिकाबाई मात्र तिथंच उभी राहिली. आपण घाबरलो, अंधारात काहीतरी चुकलं, आवाज दगडावर आपटून फिरून आला, असं ती मनात रचत होती. रचना जवळजवळ पुरी झाली होती. तेवढ्यात कपारीतून कुणीतरी हुंदका दिला.

५

ती गुडघ्यावर बसली आणि तिनं डोकं आत घातलं. नुसतं डोकं. एक हात बाहेर, गवताला घट्ट धरलेला.

"कोन हाये?"

"जाऊबाई." आवाज साखराबाईचा. गाणारा नव्हे, रोजचा, घाबरट, अर्धा घशातच राहणारा. "मला सोडून चालल्या का?"

गोपिकाबाईनं मागं वळून पाहिलं. साखराबाई तिच्याजवळ येऊन उभी होती, उन्हात, दोन्ही हात पोटाशी धरून. तिचे ओठ मिटलेले होते.

"मला दिवस गेलेत, जाऊबाई," आतला आवाज कुजबुजला. "दोन महिने झाले. लाजंपायी तुम्हाला सांगितलं न्हाई. मला इथून काढा."

वळणापाशी, जिथं उजेड जेमतेम पोचत होता, जमिनीवर एक हात टेकलेला दिसला. कोपरापर्यंत पांढरा. मनगटावर बारीक लाल ओरखडे होते, घट्ट बांगड्या ओढून काढल्यावर उठतात तसले. बोटं थोडी पुढं सरकली. मग हात मागं गेला, स्वतःहून गेला की कुणी ओढला ते गोपिकाबाईला कळलं नाही.

ती बाहेर आली. तिनं उन्हातल्या साखराबाईचे खांदे धरले. अंग ऊबदार होतं, जिवंत माणसाचं असतं तसंच.

"तुला दिवस गेलेत का?"

"न्हाई," साखराबाई म्हणाली.

लाजली नाही. दचकली नाही. पदर तोंडाला लावला नाही. आज पाऊस येईल का असं विचारल्यावर म्हणावं, तेवढ्या सहज म्हणाली.

दोघींपैकी एकीला घेऊन घरी जायचं होतं, आणि एक तर समोर उभी होती. उजेडात, बांगड्यांसकट, ऊबदार. दुसरीसाठी त्या अंधारात शिरावं लागलं असतं. गोपिकाबाई आयुष्यात कशाला घाबरली नव्हती असं वाडी म्हणे. त्या दिवशी ती घाबरली. तिनं समोरचा हात धरला आणि उतार उतरू लागली. मागून पुन्हा हाक आली. तिनं चाल वाढवली.

६

ते ओरखडे तिनं कुणाला सांगितले नाहीत. ती कुजबुजही सांगितली नाही. त्या वर्षी भिंती राखेच्या पाण्यानं पोतारल्या, काळपट झाल्या, देवीनं चालवून घेतलं.

गोपिकाबाई साखराबाईवर नजर ठेवून होती. भाकरी थापताना, पाणी भरताना, मेंढीच्या पिलाला दूध पाजताना. काहीच वेगळं नव्हतं. मीठ तेवढंच, चाल तीच, डाव्या हातानं केस मागं सारायची सवय तीच. एकच, की आता तिला अंधाराची भीती वाटत नव्हती. आतल्या खोलीत ती दिव्याशिवाय जाई आणि हवी ती वस्तू अचूक घेऊन येई. भीती गेली तर चांगलंच की, गोपिकाबाई स्वतःला म्हणे. याच भीतीपायी आपण तिला रोज बोलत होतो.

चौथ्या दिवशी साखराबाईला कावळा शिवला. ती आपणहून ओसरीच्या कोपऱ्यात पोतं टाकून बसली.

गोपिकाबाईला एवढा आनंद कधी झाला नव्हता. ती चुलीपुढं बसून रडली. म्हणजे हीच खरं बोलली होती! दिवस गेलेच नव्हते. आतलं जे काही होतं, ते खोटं बोललं होतं. भुलवून आत ओढू पाहत होतं. आपण चुकलो नाही, दिराला दिलेला शब्द मोडला नाही. तिनं गुळाचा खडा साखराबाईच्या हातावर लांबूनच टाकला. "खा गं," ती म्हणाली. "माझी गुणाची बाई."

त्या रात्री ती पहिल्यांदा गाढ झोपली.

७

दसरा झाला आणि तिसऱ्या दिवशी साखराबाईची आई आली. साळूबाई तिचं नाव. परतूरहून जालन्यापर्यंत आगगाडीनं, तिथून भोकरदनपर्यंत सर्विस मोटारीनं, पुढं कुणाच्या तरी बैलगाडीत बसून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सोबतीच्या माणसानं हात धरून तिला ओसरीवर बसवलं आणि तो बैल सोडायला गेला. घरात गोपिकाबाई एकटीच होती. साखराबाई विहिरीवर गेली होती.

"मावशी, न सांगता-सवरता? एवढ्या लांबून?"

"न सांगताच यायचं असतं," साळूबाई हसली. तिनं गाठोडं सोडलं आणि आतून हिरवा खण काढला. चोरचोळीचा खण. पोटुशीला तिसऱ्या महिन्यात गाजावाजा न करता द्यायचा. "आमच्याकडं कासार आल्ता. त्याच्यापाशी निरोप धाडला पोरीनं. आईला सांगा म्हनली, दुसऱ्या कोनाला सांगू नका. दिवस गेलेत म्हनली. माझ्या तोंडात बोळा कोंबला बघा तिनं, महिना झाला कोनाशी बोलले न्हाई."

गोपिकाबाईचे हात थांबले. पाण्याचा तांब्या तिनं खाली ठेवला, नीट ठेवला, पाणी सांडू नये म्हणून.

पडलं असेल. हाच विचार तिनं पहिल्यांदा पकडला. डोंगर चढून गेलो, पोरगी घाबरली, त्यात पडलं असेल. चौथ्या दिवशीचं ते तेच असेल. आणि नुकतंच राहिलेलं, कुणाला न सांगितलेलं, म्हणून तिथं उन्हात उभी राहून "न्हाई" म्हणाली असेल. पोरीच्या जातीला लाज असते. असंच असेल. बिलकुल असंच. आता हे म्हातारीला सांगायचं कसं, एवढाच प्रश्न आहे. गोपिकाबाई हे पुन्हा पुन्हा मनात म्हणत राहिली, आणि म्हणता म्हणता तिच्या डोळ्यांपुढं मनगटावरचे ते लाल ओरखडे येत राहिले.

दारात घागरीची सावली पडली. साखराबाई आत आली, घागर उतरवली, पदरानं हात पुसले.

"आली का?" साळूबाईनं दोन्ही हात पुढं केले. "ये बाय, जवळ ये. मला दिसत न्हाई आता."

साखराबाई जवळ जाऊन बसली. म्हातारीनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. कपाळावरून, भुवयांवरून, कानाच्या पाळीवरून, हनुवटीवरून. एकदा फिरवला, आणि पुन्हा एकदा, सावकाश. खाली अंगणात बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

साळूबाईनं हात काढून घेतला. चेहऱ्यावर राग नव्हता, भीती नव्हती. परक्या घरात चुकून भलत्याच बाईला हात लावला, की जेवढं अवघडायला होतं तेवढंच तिला झालं होतं.

"कोनाची गं तू, बाय? शेजारची का?" ती मायेनं म्हणाली. मग तिनं खण मांडीवर नीट घडी करून ठेवला आणि मान गोपिकाबाईच्या दिशेनं वळवली. "गोपिकाबाई, माझ्या साखराला बोलवा की. कुठं धाडलं तिला?"

साखराबाईही गोपिकाबाईकडंच बघत राहिली, उत्तर तिलाही ऐकायचं होतं.